पंचवीस हजारात निसर्ग केंद्राचं (किंवा छोट्या म्युझियमचं) रूपडं कसं पालटायचं

मागच्या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या टेकडीच्या पायथ्याच्या निसर्ग माहिती केंद्रात एक तिसरीतली मुलगी आजीबरोबर आली होती. पेंढा भरलेल्या पिंगळ्याच्या कपाटापाशी थांबली, वाकून बघितलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजी, ह्याचा डोळा खाली पडलाय." खरंच पडला होता. काचेचा डोळा, खालच्या विटक्या फडक्यावर, एका मेलेल्या झुरळाशेजारी. कधी पडला कुणाला माहीत नाही, आणि मी त्या कपाटासमोरून आठवड्यातून तीनदा जातो.

त्यानंतर कमिटीची मीटिंग झाली, टचस्क्रीन लावू, थ्रीडी काहीतरी करू वगैरे झालं, आणि शेवटी हातात आले पंचवीस हजार. आठ महिने लागले, पण झालं. शाळेतलं म्युझियम असो, ट्रस्टचं छोटं संग्रहालय असो की वनखात्याचं माहिती केंद्र, सगळीकडे कमीजास्त हीच अवस्था असते म्हणून आम्ही कसं केलं ते सविस्तर लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो, आम्ही नवीन वस्तू जवळपास काहीच आणल्या नाहीत. जे होतं तेच लोकांना दिसत नव्हतं.

आधी एक रविवार नुसतं बसा

काहीही विकत घ्यायच्या आधी एक खुर्ची घ्या, हातात पेपर धरा म्हणजे लोकांना वाटणार नाही की आपल्यावर लक्ष आहे, आणि सकाळी दहा ते एक बघत बसा. वहीत हॉलचा साधा नकाशा काढा. माणूस कुठे थांबला तिथे फुली, किती सेकंद थांबला तो आकडा, आणि तोंडाने काय बोलला ते जसंच्या तसं. तीस-चाळीस लोक झाले की चित्र दिसायला लागतं, शंभर लागत नाहीत.

आमच्याकडे काय दिसलं? सह्याद्रीच्या जैवविविधतेवर चौदा पॅनल होते, दुसऱ्या पॅनलपुढे एकही माणूस गेला नाही. लोक थांबत होते दोनच ठिकाणी, सापाच्या बरणीपाशी आणि दारातल्या मोठ्या दगडापाशी, कारण त्याला हात लावता येतो. (तिसरं ठिकाण वॉटर कूलर, ते धरत नाही.) आणि सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न "हा साप इथे पुण्यात असतो का?" ह्याचं उत्तर आख्ख्या केंद्रात कुठेही लिहिलेलं नव्हतं. वर्गीकरण लिहिलं होतं.

आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना विचारा. हे मला फार उशिरा सुचलं. कुठल्या काचेवर बोटांचे डाग सगळ्यात जास्त असतात हे त्यांना पाठ असतं, कारण ते पुसायचं काम त्यांचंच. आमच्या मावशींनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "सापाची आणि फुलपाखराची. बाकीच्यांना महिन्यातून एकदा फडकं मारलं तरी चालतंय." ह्यापेक्षा स्वस्त सर्व्हे नाही.

मग काढायला लागा

पुण्यातल्या केळकर संग्रहालयात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या असतात साधारण अडीच हजार. तिथे एवढी निवड करतात आणि आपण मात्र सुगरणीची अकरा घरटी एकाच कपाटात कोंबून ठेवतो, कारण अकरा आहेत म्हणून. एक ठेवा, छान उजेडात, त्यातला बोगदा आणि आतली खोली दिसेल असं. बाकीची दहा खोक्यात नीट ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी बदला. तेवढ्यानेच नेहमी येणाऱ्याला काहीतरी नवीन लागलंय असं वाटतं.

पण काढायच्या आधी प्रत्येक वस्तूचा जागेवरच फोटो, मग रजिस्टरमध्ये नंबर, कुठून आली, कुणी दिली, आता कुठल्या खोक्यात आहे. नंबराची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा आणि पेन्सिलने लिहा. सेलोटेप आणि रबरबँड अजिबात नको, रबर दोन उन्हाळ्यांत वितळून वस्तूला चिकटतं आणि मग निघत नाही.

इथे तीन गोष्टी गंभीरपणे घ्या. एक, जुन्या पेंढा भरलेल्या पक्ष्या-प्राण्यांत आर्सेनिक असू शकतं, पूर्वी कातडं टिकवायला ते सर्रास वापरायचे. त्यामुळे नायट्राइलचे ग्लोव्ह्ज आणि मास्क घालूनच हात लावायचा, कोरड्या ब्रशने धूळ उडवायची नाही आणि मुलांना "जरा पुसून घ्या रे" म्हणून तर मुळीच द्यायचं नाही. दोन, फॉर्मेलिनच्या बरण्या स्वतः उघडू नका, पातळी कमी झाली असेल तर एखाद्या कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटला गाठा, ते लोक हे रोज करतात. तीन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तू जवळ बाळगायला कागद लागतो. आमच्या पिंगळ्याचा कागद कुणालाच सापडेना. अशा वेळी गुपचूप फेकून द्यायचं नाही, वनखात्याला लेखी कळवायचं. आम्ही कळवलं, पिंगळा सध्या कपाटाबाहेर आहे, आणि खरं सांगायचं तर त्याची कमी कुणाला जाणवलेली नाही.

उजेड, धूळ, पावसाळा

अर्धं काम इथेच होतं. काचेवर थेट स्प्रे मारू नका, फडक्यावर मारा, नाहीतर पाणी फटीतून आत उतरतं. कपाटाच्या आत ट्यूबलाइट असेल तर ती पहिली काढा, ती आतली हवा तापवते आणि तिच्यातल्या अतिनील किरणांनी रंग जातात. आम्ही तपकीर गल्लीतून (पुण्यातली विजेच्या सामानाची गल्ली) एलईडी पट्ट्या आणि छोटे स्पॉट आणले, आमच्या वायरमनने एका दिवसात बसवले. जास्त उजेड म्हणजे चांगलं असं नाही हं. पिसं, फुलपाखरं, कापड, जुना कागद ह्यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास पुरे, लाकूड आणि तैलचित्रांना २०० पर्यंत चालतं, दगड-धातूला फारसा फरक पडत नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, ते काटेकोर नसतं, पण कुठलं कपाट दुसऱ्याच्या पाचपट उजेडात आहे एवढं नक्की कळतं. आणि ५० लक्स अंधारं वाटू नये म्हणून युक्ती अशी की आजूबाजूचा हॉल थोडा मंद करायचा, मग तेच कपाट उठून दिसतं.

तुमचे जुने पॅनल निळे पडलेत का बघा. शाईतला लाल आणि पिवळा आधी उडतो, निळा राहतो, म्हणून उन्हातले सगळे वाघ निळसर दिसतात. म्हणजे तिथे ऊन येतंय, नवीन पॅनल लावाल तर तोही दोन वर्षांत निळा होईल. आधी पडदा. आम्ही पश्चिमेच्या खिडक्यांना मांजरपाटाचे दुहेरी पडदे शिवून लावले, काम झालं.

पावसाळ्यासाठी कपाटं भिंतीपासून तीन-चार बोटं पुढे ओढा, ओल भिंतीतून येते. आत सिलिका जेल ठेवा, पण नारंगी, निळं नको, निळ्यात कोबाल्ट असतं. डांबराच्या गोळ्या मुलं येतात तिथे नकोतच. कसर किंवा भुंगे लागलेली वस्तू, म्हणजे घरटं, शेंगा, बिया, कापड वगैरे, पॉलिथिनमध्ये घट्ट गुंडाळून घरच्या डीप फ्रीजरात दोन आठवडे ठेवायची, बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, बाहेरचा दमटपणा पिशवीवर बसू द्यायचा, वस्तूवर नाही. रंगवलेल्या वस्तूंना आणि काच-लाकूड जोडलेल्यांना हे करू नका. (घरच्या फ्रीजरात सुगरणीचं घरटं ठेवल्यावर घरी काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.)

आता आमची एक जुनी घोडचूक. शंख-शिंपल्यांसाठी एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं) मस्त कपाट बनवून घेतलं, ऑइल पेंट मारला आणि दुसऱ्याच दिवशी शंख आत ठेवून काच बंद केली. दुसऱ्या पावसाळ्यात शंखांवर पांढरी भुकटी. आम्हाला वाटलं बुरशी, पुसली, परत आली. ती बुरशी नव्हतीच. लाकूड, प्लाय, एमडीएफ ह्यांतून आम्ल वाफा निघत राहतात आणि शंखाचा चुना त्या खातात. गेलेला शंख परत येत नाही. म्हणून शंख, अंडी असल्या चुन्याच्या वस्तूंना लोखंडी कपाट बरं, आणि लाकडीच असेल तर आतून ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी सगळीकडे लावून घ्या आणि रंग दिल्यावर तीन-चार आठवडे उघडं ठेवा.

पाटी लिहिणं: इथे वेळ घाला

पैसे नसतील तर बाकी सगळं सोडा आणि फक्त पाट्या बदला. पुण्यात राहून आपल्याला पाटी लिहिता येऊ नये ही खरं तर लाजेची गोष्ट आहे. पुणेरी पाटीत काय असतं? वाचणारा नेमका कोण, तो कुठे उभा आहे, आत्ता त्याच्या मनात काय आहे हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं, आणि चार ओळींत काम तमाम. तोच हात, फक्त अपमान न करता.

आमची जुनी पाटी अशी होती: "पिंगळा. शास्त्रीय नाव अथीनी ब्रामा. कुळ स्ट्रिजिडी. हा निशाचर पक्षी भारतीय उपखंडात सर्वत्र आढळून येतो. याचे मुख्य खाद्य कीटक व लहान सस्तन प्राणी हे होय." 'होय' पर्यंत कुणी पोचत नाही.

पिंगळ्यासाठी लिहून ठेवलेली नवीन: "रात्री तुमच्या पार्किंगमध्ये चिरकतो तो हाच. पिंगळा. संध्याकाळी वायरवर बघा, तुम्ही बघितलंत की तोही मान खालीवर करून तुमच्याकडे बघतो. किडे, उंदीर खातो. जुन्या झाडाच्या ढोलीत राहतो. तुमच्या सोसायटीत ढोली असलेलं झाड आहे का?" शास्त्रीय नाव खाली बारीक अक्षरात, ज्याला हवं तो वाचेल.

एका पाटीला पन्नासेक शब्द, जास्तीत जास्त. पहिली ओळ अशी की समोरच्या वस्तूकडे परत बघावंसं वाटेल. "आढळून येतो", "ओळखला जातो" दिसलं की कापा. वाक्य लिहिलं की मोठ्याने म्हणून बघा, आपण शेजाऱ्याला असं सांगू का? नाही ना, मग बदला.

अक्षर. मजकूर २८ पॉइंटच्या खाली नको, मथळा ६० च्या पुढे. पण पॉइंटवर जाऊ नका, प्रिंट काढून भिंतीला लावा आणि एखाद्या आजींना मीटरभर लांबून वाचायला सांगा. देवनागरीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मुक्ता आणि बालू हे दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात आणि छान दिसतात. पाटीचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटीमीटरवर, पण मुलांसाठीची पाटी मीटरभर उंचीवर. आमच्या जुन्या सगळ्या पाट्या कमिटीच्या अध्यक्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर होत्या.

आणि मग, हे महत्त्वाचं, लगेच छापू नका. साध्या ए-फोर कागदावर प्रिंट काढून मास्किंग टेपने चिकटवा आणि दोन आठवडे ठेवा. आम्ही दगडाच्या पाटीवर आधी लिहिलं होतं, "ह्या दगडातली भोकं कशामुळे पडली असतील?" मुलं म्हणाली, पावसाने. त्यांचे बाबा म्हणाले, किड्यांनी. म्हणजे प्रश्न चांगला, पण उत्तर लांबच्या पॅनलवर होतं आणि तिथे कोण जातंय. मग त्याच पाटीला बिजागरीची झडप लावली, उघडली की आत: "वाफेचे बुडबुडे! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा दगड उकळता लाव्हा होता." असे बदल कागदावर करायला दोन रुपये लागतात, छापल्यावर दोन हजार.

छपाईला देताना फाइल कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचं चित्र करून) द्या, निदान पीडीएफ द्या. आम्ही नुसती टाइप केलेली फाइल पाठवली, त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट वेगळा, आणि 'निसर्ग' ची वेलांटी एकीकडे आणि रफार भलत्याच्याच डोक्यावर अशा बारा पाट्या छापून आल्या. त्यांनी म्हटलं तुमची फाइल, आम्ही म्हटलं तुमचा कॉम्प्युटर, पैसे आमचेच गेले. आता आधी एकच नमुना छापून घेतो. फ्लेक्स नको, चमकतो आणि लोंबतो. सनबोर्डवर मॅट व्हिनाइल घ्या, वरून मॅट लॅमिनेशन. शुद्धलेखन कागदावर तपासा, स्क्रीनवर चुका दिसत नाहीत, आणि एखाद्या रिटायर्ड मराठीच्या बाईंना बसवा, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पुण्यात लोक प्रदर्शन बघत नाहीत, चूक बघतात, आणि पेनाने दुरुस्तही करून जातात.

हाताला काहीतरी द्या

आपल्या पायाखालचा बेसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा तो काळा दगड, हेच पहिलं प्रदर्शन. त्या बुडबुड्यांच्या पोकळीत पुढे स्फटिक वाढले, स्टिलबाइट, अपोफिलाइट वगैरे, आणि वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट तर जगभरातले दगडवेडे शोधत असतात. कॅव्हनसाइट महाग, तो काचेत किंवा नुसता फोटोत. पण स्टिलबाइटचा साधा तुकडा परवडतो, तो बेसाल्टसकट टेबलावर पक्का चिकटवायचा आणि साखळीला बांधलेलं भिंग ठेवायचं. साखळी न लावलेलं भिंग आमच्याकडे चार दिवस टिकलं.

सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट मात्र एका जुन्या टेबलफॅनची निघाली. एप्रिलमध्ये टेकडीवर वावळाच्या झाडाच्या चकत्यांसारख्या बिया उडत असतात, त्या गोळा केल्या, सावरीचा कापूस घेतला, टेटूच्या झाडाच्या कागदी पंखांच्या बिया कुणीतरी दिल्या. फॅन लाकडी पेटीत उताणा बसवला, वर बारीक जाळी पक्की स्क्रूने, बाजूंना ॲक्रिलिक, वरून बी सोडायचं. पाटी एकच: "कोणतं जास्त वेळ तरंगतं? आधी सांगा, मग सोडा." बाप लोकच हटत नाहीत तिथून. बिया दर आठवड्याला बदलाव्या लागतात, म्हणून आम्ही डबाभर साठवतो, आधी फ्रीजर करून.

स्पर्शाच्या ट्रेमध्ये बहाव्याची वाजणारी शेंग, रिठे, सागरगोटे (घासून गरम होतात, मुलं एकमेकांना चटके देतात, चालायचंच). पण गुंजा ठेवू नका. आमच्याकडे कुणीतरी लालचुटुक गुंजांची वाटी सजवून ठेवली होती, बी फुटून पोटात गेलं तर ती जिवावर बेतते. एरंडाच्या बियाही नकोत.

विज्ञानाचं काही करायचं असेल तर अरविंद गुप्तांची कचऱ्यातून खेळणी बघा, पुण्यातच आयुका ह्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं हे काम केलं, सगळं साहित्य फुकट उपलब्ध आहे.

आमचा नियम एकच, जे आमच्या शिपाईमामांना पक्कड-स्क्रूड्रायव्हरने दहा मिनिटांत दुरुस्त करता येत नाही ते लावायचं नाही. टचस्क्रीन ह्याच नियमात बाद झाली. मोडणार तर सगळंच आहे, म्हणून झडपा, बिजागऱ्या, साखळ्या सुरुवातीलाच जास्तीच्या आणून ठेवा, बोहरी आळीत एका फेरीत सगळं मिळतं. 'बंद आहे' ची चिठ्ठी दोन दिवसांपेक्षा जास्त दिसली तर ती वस्तूच उचलून आत ठेवा.

एक फळा

दाराशी साधा काळा फळा: "ह्या आठवड्यात टेकडीवर काय दिसलं". पळस फुलला, पावशा ओरडायला लागला, कळलावी उगवली, थंडीतले धोबी आले. मामा रोज सकाळी फिरायला येणाऱ्या काका-काकूंना विचारून लिहितात. आख्ख्या केंद्रात सगळ्यात जास्त वाचलं जाणारं हेच. जुनी तारीख मात्र राहू देऊ नका, जुलैत "पळस फुलला" दिसलं की लोक आतही येत नाहीत.

कपाटं बदलायची तर तारखा धरून बदला, काम पुढे ढकललं जात नाही. १८ मे जागतिक संग्रहालय दिन, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह (अरण्यलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत). एका वेळी एकच कपाट. सगळा हॉल एकदम उघडून बसलात तर सहा महिने बंदच राहील, हे बघितलंय.

पैसे आणि माणसं

हिशोब असा: दिवे आणि वायरिंग ५,४००, छपाई ७,००० (त्या फुकट गेलेल्या बारा पाट्या धरून), लाकूड आणि हार्डवेअर ४,०००, जुन्या बाजारातून टेलरच्या दुकानाचं एक शोकेस २,५००, ग्लोव्ह्ज-मास्क-सिलिका-फॉइल १,५००. झाले २०,४००. उरलेले ४,६०० दुरुस्तीसाठी वेगळे काढून ठेवले आणि कमिटीला हात लावू दिला नाही. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा, आणि शोकेस घेण्याआधी मागची फळी वाळवीसाठी टोचून बघा.

ओळख पटवायला गुगलवर विसंबू नका. वनस्पतींसाठी बोटॅनिकल सर्व्हेचं ऑफिस कोरेगाव रोडला आहे, प्राण्यांसाठी झूलॉजिकल सर्व्हेचं आकुर्डीला, लेटरहेडवर नीट पत्र घेऊन जा. चित्रांसाठी आर्टच्या मुलांना विचारा, पण फुकट राबवू नका, चित्राखाली त्यांचं नाव छापा आणि निदान रंगाचे पैसे द्या.

आठ महिन्यांनी परत त्याच खुर्चीत पेपर घेऊन बसलो. सापाच्या बरणीवर आता मोठ्या अक्षरात "हो, हा पुण्यात असतो" लिहिलंय आणि खाली कुठे आणि दिसला तर काय करायचं ते, लोक तिथे उभं राहून पूर्ण वाचतात आणि फोटोही काढतात. चौदातले नऊ पॅनल गेले, उरलेल्या पाचांतले दोन अजून कुणी वाचत नाही, ते पुढच्या मे महिन्यात. मावशींना विचारलं डागांचं काय. त्या म्हणाल्या, "त्या पंख्याच्या पेटीला दिवसातून चारदा फडकं लागतंय, आणि ह्या फडक्यांत भागत नाही." डझनभर नवीन आणली, दुरुस्तीच्या पैशांतून.